लाइफटॅग: एकॉर्न सुतारांच्या टोळीवर नजर ठेवायला कितपत उपयोगी?

एकॉर्न सुतार पक्षी गटाने राहतो, ओकची बोंडं झाडात भोकं पाडून साठवतो आणि त्या कोठाराच्या झाडासाठी भांडतो. कॅलिफोर्नियातल्या हेस्टिंग्ज राखीव क्षेत्रात १९६८पासून त्यांचा अभ्यास चालू आहे, तो मुख्यतः पायातल्या रंगीत कड्यांच्या आधारावर. कडी वाचायची तर पक्षी दुर्बिणीत दिसायला हवा. तो शेजारच्या हद्दीत गेला की नोंद तुटते. सेल्युलर ट्रॅकिंग टेक्नॉलॉजीज या कंपनीचा लाइफटॅग, म्हणजे पक्ष्याच्या पाठीवर बांधायचा सौर रेडिओ टॅग, या ठिकाणी खरोखर कामाला येतो.

वजन ०.४५ ग्रॅम. साधारण ८० ग्रॅमच्या पक्ष्याला हे ओझं एक टक्क्याहूनही कमी. बॅटरी नाही, ऊन मिळेल तोवर टॅग ४३४ मेगाहर्ट्झवर आपला क्रमांक पाठवत राहतो. सगळे टॅग एकाच फ्रिक्वेन्सीवर असतात, आणि गटाने राहणाऱ्या पक्ष्यांसाठी याहून मोठा गुण नाही. जुन्या व्हीएचएफ रेडिओ टॅगांच्या पद्धतीत प्रत्येक पक्ष्याची फ्रिक्वेन्सी वेगळी. रिसिव्हर त्या आळीपाळीने ऐकतो, तेवढ्यात भांडणातले बाकीचे येऊन निघूनही जातात. इथे कोठाराच्या झाडाजवळचा एकच रिसिव्हर सगळ्यांची हजेरी घेतो. पक्षी-अभ्यासक साहस बर्वे आणि सहकाऱ्यांच्या २०२० सालच्या अभ्यासात सौर टॅगांमुळेच कळलं, की रिकाम्या झालेल्या हद्दीसाठीच्या लढाया बघायला तीन किलोमीटरवरूनही पक्षी येतात. नुसत्या दुर्बिणीने हे सिद्ध करणं जवळपास अशक्य होतं.

आता मर्यादा. ढोलीत अंधार, म्हणजे टॅग गप्प. संध्याकाळचा शेवटचा सिग्नल ही ढोलीत शिरण्याची वेळ समजू नका; तो दाट सावलीमुळेही तुटतो. पाठीची पिसं सौर पट्टीवर आली तर भर दुपारीही तेच होतं, म्हणून बांधतानाच पट्टी उघडी राहील असं पाहा. टॅग धरून ठेवणारा मांड्यांभोवतीचा लवचीक फास सैल राहिला तर पाय अडकतो, घट्ट झाला तर कातडी सोलते. ढोलीच्या कडेला घासून अँटेना वाकते, कधी तुटते. मग सिग्नल क्षीण होतो आणि शेजारी बसलेला पक्षी आकडेवारीत दूर गेलेला दिसतो! पक्षी पुन्हा पकडला की आधी अँटेना तपासा.

सिग्नलच्या ताकदीवरून पक्ष्याची जागा काढायची असेल तर टॅग उंच काठीला बांधून, जीपीएसने मोजलेल्या ठिकाणी धरून चाचणी घ्या. पानगळ झाल्यावर ती पुन्हा घ्या, कारण पानांनी अडणारा सिग्नल तेव्हा मोकळा सुटतो. दिवसभर एकाच ताकदीने बोलणारा टॅग बहुधा जमिनीवर पडलेला असतो. हातातल्या यागी अँटेनाने, म्हणजे सिग्नलची दिशा दाखवणाऱ्या अँटेनाने, शोधा.

कोण, कुठल्या गटातून, किती वाजता आलं, हे विचारायचं असेल तर लाइफटॅग बिनदिक्कत घ्या. रात्रीची ढोली शोधायची असेल तर बॅटरीवर चालणारा टॅगच लागेल. त्याची मुदत मात्र बॅटरीएवढीच.