तीन वर्षांच्या मुलाला उघडता येईल असा डबा: दोन क्लिपांच्या स्टीलच्या डब्याचा रिव्ह्यू

ठाण्यात जांभळी नाक्यावर भांड्यांच्या दुकानात नर्सरीच्या मुलासाठी डबा मागितला की साधारण चार प्रकार समोर येतात: चार बाजूंनी क्लिपा लागणारा स्टीलचा, दोनच क्लिपांचा स्टीलचा, नुसतं झाकण दाबून बसवायचा जुना चपटा डबा आणि फिरकीच्या झाकणाचा, जेवण गरम ठेवणारा. हा रिव्ह्यू दुसऱ्या प्रकाराचा आहे. स्टीलचा डबा, प्लास्टिकचं झाकण, आत रबराची रिंग, किंमत साधारण २५० ते ५०० रुपये. कसोटी एकच लावली आहे: मोठ्यांची मदत न घेता मुलाला तो उघडता आणि परत लावता येतो का?

याच कसोटीचं कारण वर्गातल्या घड्याळात आहे. मुलं वीस, एक टीचर, एक मावशी आणि जेवायला अर्धा तास. पिशवीची चेन, क्लिपा, चमचा असं सगळं मिळून एका डब्यामागे अर्धं मिनिट धरलं तरी वीस डब्यांची दहा मिनिटं होतात. दोघींनी वाटून घेतली तरी पाच मिनिटं दोघींच्या माना डब्यांत असतात. कुणाच्या घशात घास अडकला तर त्या वेळात ते दिसणार कुणाला?

जपानमध्ये इंग्रजी शिकवायला जाणाऱ्या शिक्षकांना तिथल्या योचिएनमध्ये, म्हणजे बालवाडीत, नेमकं याच्या उलट चित्र दिसतं. मूल स्वतः फडक्याची गाठ सोडतं, छोटी चटई अंथरतं, डबा आणि चमच्याची डबी मांडतं. सगळ्यांचं मांडून झालं की हात जोडून 'इतादाकिमास', संपलं की 'गोचिसोसामा', आणि मग सगळं पुन्हा फडक्यात. आपल्याकडच्या श्लोकासारखंच हे. फक्त श्लोकाच्या आधीची आणि नंतरची कामंही मुलांचीच असतात. तीन वर्षांच्या मुलाचा तिथला डबा साधारण २८० मिलिलिटरचा. बऱ्याच ठिकाणी हिवाळ्यात डबे गरम कपाटात ठेवतात, म्हणून ॲल्युमिनियमचे डबे चालतात. त्यांचं झाकण नुसतं वर बसतं आणि बाहेरून इलॅस्टिकचा पट्टा लागतो. उघडायला अगदी सोपं, पण रस्सा बाहेर गळतो. वरणभात नेणाऱ्या मुलासाठी तो डबा कामाचा नाही, म्हणून दोन क्लिपांचा डबा हा आपल्यासाठी मधला मार्ग.

आता डब्याकडे. क्लिपेचं टोक किमान एक सेंटिमीटर बाहेर आलेलं हवं, म्हणजे छोट्या अंगठ्याला पकड मिळते. झाकणाला चिकटून बसलेली सपाट क्लिप दिसायला छान, उघडायला कठीण. दुकानात मुलाला सोबत न्या, त्याचा हात थोडा ओला करा आणि रिकामा डबा तीनदा उघडायला द्या. वर्गात हात धुऊन आलेल्या मुलांचे हात ओलेच असतात. तीनपैकी दोनदा जमलं तर घ्या.

घरी उघडणारा डबा शाळेत उघडत नाही, ही तक्रार सगळीकडे ऐकू येते. दोष बहुतेक वेळा डब्याचा नसतो. गरम भाजी भरून लगेच झाकण लावलं की आतली वाफ थंड होते, दाब कमी होतो आणि झाकण आत ओढलं जातं. क्लिपा सुटतात, झाकण हलत नाही. पोळी-भाजी ताटलीत पसरून दहा मिनिटं निवू द्या, मग भरा. काही झाकणांना हवा सोडायचं छोटं बटण असतं. ते असलेलं मिळालं तर तेच घ्या आणि मुलाला आधी बटण, मग क्लिपा हा क्रम शिकवा.

भात मात्र जपून. शिजवलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेरच्या तापमानाला ठेवू नये, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधून व्हॅनने जाणाऱ्या मुलाचा डबा साडेआठला भरला आणि साडेअकराला उघडला तर तीन तास होतात. ठाण्याच्या मे महिन्यात या डब्यात दहीभात नको. कोरडी भाजी आणि पोळीचे रोल बरे, तेही तीन सेंटिमीटरचे तुकडे करून.

आकाराबाबत बहुतेकांची चूक होते. दुकानदार ६०० किंवा ७०० मिलिलिटरचा डबा पुढे करतात, 'मोठेपणीही चालेल' म्हणून. अर्धा रिकामा डबा पिशवीत हिंदकळतो आणि भाजी पोळीवर पसरते. भरून दिला तर मूल अर्ध्यातच कंटाळतं. नर्सरीला ३०० ते ३५० पुरेसा. आत दोन कप्पे करणाऱ्या मधल्या पट्टीवर फार विसंबू नका. बऱ्याच डब्यांत ती झाकणाला टेकत नाही, त्यामुळे डबा आडवा झाला की रस्सा पलीकडे जातोच.

आत काय भरायचं, याबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना कडक दाणे आणि सुकामेवा देऊ नये, अशी जपानच्या ग्राहक व्यवहार संस्थेची सूचना आहे. आपल्या पोह्यांतले अख्खे शेंगदाणे आणि चिक्की यांनाही हे लागू पडतं. दाण्याचं कूट घाला. द्राक्षांचे उभे चार तुकडे करा.

वर्गात शिकवायची पद्धत सोपी आहे. डावा तळहात झाकणावर दाबायचा, उजवा अंगठा क्लिपेखाली घालून वर उचलायचं. मुलाने डबा पुढे केला की टीचरने एकच क्लिप सोडावी, दुसरी मुलाला सोडू द्यावी. घरी चार-पाच दिवस रिकाम्या डब्याचा सराव पुरतो. ठाण्यातली नर्सरी असो की परदेशातली, इंग्रजी शिकवणाऱ्यांसाठी ही वेळ सोन्यासारखी आहे: 'ओपन', 'हेल्प मी प्लीज', 'ऑल डन' हे शब्द मुलाच्या हातात वस्तू असतानाच कानावर पडतात, म्हणून पटकन बसतात.

देखभाल: रिंग आठवड्यातून एकदा काढून जुन्या टूथब्रशने खाच घासा. पावसाळ्यात दोनदा, नाहीतर काळे ठिपके धरतात. रिंग उलटी बसली की डबा गळतो. सगळ्यात आधी तुटते ती क्लिपेची बिजागरी, आणि सुटी क्लिप सहसा मिळत नाही. शाळेत मायक्रोवेव्ह असेल तर मावशींना आधीच सांगून ठेवा, स्टीलचा डबा त्यात जात नाही.

आणि नाव. वीस मुलांत सहा डबे एकसारखे निघतात, झाकणांची अदलाबदल होते आणि दुसऱ्याचं झाकण नीट बसत नाही. चिकटवलेलं लेबल गरम पाण्याने आठवड्यात सुटतं. डबा घेतानाच दुकानात बुडावर नाव घालून घ्या, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला पक्क्या मार्करने तेच नाव लिहा.