गांधारासाठी कच्चे मिडी बाइट: सात महिन्यांचा अनुभव

सात महिन्यांपूर्वी एका जुन्या साउंड मॉड्यूलला (मिडी, म्हणजे वाद्यांना आकड्यांतून आज्ञा देण्याची पद्धत, समजून आवाज काढणारा डबा) आर्डुइनो उनो हा प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड जोडला. वेगळं लागलं ते पाच पिनांचं सॉकेट आणि २२० ओहमचे दोन रेझिस्टर. भूपाच्या रियाजाला हार्मोनियमच्या आवाजाची साथ हवी होती, पण गांधार तानपुऱ्याशी जुळणारा. खर्जाच्या तारेतून आपोआप ऐकू येणारा गांधार पेटीच्या पट्टीपेक्षा सुमारे १४ सेंट उतरलेला असतो (अर्धस्वराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट). तो कानात बसला की पट्टीचा गांधार टोचतोच.

सीरियलचा, म्हणजे बाइट पाठवायचा, वेग सेकंदाला ३१,२५० बिट ठेवला आणि १४४, ६०, ९० पाठवलं की षड्ज वाजतो: आधी आज्ञा, मग स्वर, मग जोर. इथवर सोपं. अडलं ते पिच बेंडपाशी, म्हणजे स्वर किंचित चढवण्या-उतरवण्याच्या आज्ञेपाशी. मिडीत १२८ पासून पुढचे बाइट आज्ञांसाठी राखलेले, त्यामुळे माहितीच्या बाइटला सातच बिट उरतात आणि बेंडचा ० ते १६,३८३ मधला आकडा दोन तुकड्यांत पाठवावा लागतो. मध्य ८,१९२. माझ्या मॉड्यूलवर पूर्ण बेंड म्हणजे दोन अर्धस्वर, म्हणून १४ सेंट उतरवायला ७,६१९ हवे. १२८ ने भागलं: भागाकार ५९, बाकी ६७. संख्या लिहिताना मोठा भाग आधी येतो, तसंच मी २२४ (पिच बेंडची आज्ञा), ५९, ६७ पाठवलं.

गांधार उतरायच्या ऐवजी ११ सेंट चढला. फरक इतका बारीक की दोन आठवडे मी तानपुराच पुन्हा पुन्हा मिळवत बसले. शेवटी बेंड काढायला मध्य पाठवला, ६४ आणि ०, तर षड्ज जवळजवळ दोन अर्धस्वर खाली कोसळला. तेव्हा उलगडा झाला: पिच बेंडमध्ये लहान भाग आधी जातो. २२४, ६७, ५९. गांधार तानपुऱ्यात असा मिसळला की अंगावर काटा आला.

हाच क्रम सगळीकडे लावू नका. बँक, म्हणजे आवाजांचा संच, निवडताना कंट्रोलर ० ने मोठा भाग आधी, ३२ ने लहान नंतर, मग प्रोग्राम चेंज, म्हणजे आवाज निवडण्याची आज्ञा. विंडोजच्या मिडीआउटशॉर्टमेसेज या मिडी पाठवणाऱ्या फंक्शनमध्ये तिन्ही बाइट एकाच संख्येत भरतात. त्यात आज्ञा सर्वांत खालच्या बाइटमध्ये, म्हणजे लिहिताना उजव्या टोकाला येते, तारेवर मात्र तीच पहिली जाते.

बेंड अख्ख्या चॅनलला, म्हणजे मिडीतल्या एका स्वतंत्र वाटेवरच्या सगळ्या स्वरांना, लागतो. म्हणून आता षड्ज-पंचम पहिल्या चॅनलवर, गांधार दुसऱ्यावर ठेवते: आधी २२५ (दुसऱ्या चॅनलचा पिच बेंड), ६७, ५९, मगच नोट.