बॅटरीवाल्याच्या हातात दीड हजाराची टेम्परेचर गन

सांगलीत इलेक्ट्रिक स्कूटरच्या बॅटऱ्या दुरुस्त करतो. वर्षभरापूर्वी इन्फ्रारेड गन घेतली, दीड हजाराला. आता वापरून झाली, म्हणून लिहितोय.

पहिल्याच आठवड्यात तिनं मला फसवलं. अठ्ठेचाळीस व्होल्टचा पॅक उघडून टेबलावर ठेवलेला, मोटारीचे चार-चार हॅलोजन बल्ब सिरीजला जोडून लोड दिलेला. सेल जोडणाऱ्या निकेलच्या पट्टीवर गन धरली तर ३३ अंश. सहज बोट टेकवलं आणि झटक्यात मागं घेतलं! गन बिघडली म्हणून दुकानदाराशी भांडायला निघालो होतो. पण चूक माझी. ही गन वस्तूतून निघणारी अदृश्य उष्णता-किरणं मोजते, आणि चकचकीत धातू ती फार कमी सोडतो. उलट आजूबाजूचीच परावर्तित करतो. म्हणजे गन पट्टीचं कमी आणि माझ्या छताचं जास्त तापमान सांगत होती. वस्तू किती किरणं सोडते हे गनला सांगणारं सेटिंग (एमिसिव्हिटी) स्वस्त गनमध्ये ०.९५ वर पक्कं असतं, बदलता येत नाही. उपाय दहा रुपयांचा: काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवायचा, मिनिटभर थांबायचं आणि टेपवर नेम धरायचा.

दुसरी गोष्ट अंतराची. खोक्यावर १२:१ लिहिलंय. साठ सेंटिमीटरवरून धराल तर पाच सेंटिमीटरचा गोल मोजला जातो, म्हणजे सहा-सात सेलांची सरासरी. लाल ठिपका फक्त नेमासाठी, तो काही मोजत नाही. मी वीतभरापेक्षा लांबून धरतच नाही.

एवढं कळल्यावर मात्र गननं पैसे फेडले. दूध घालणाऱ्या एका काकांचा पॅक चढावर बंद पडायचा. बीएमएस, म्हणजे पॅकवर लक्ष ठेवणारं सर्किट, ३६ अंश दाखवत होतं, कारण त्याचा सेन्सर एकच, तोही दुसऱ्या टोकाला चिकटवलेला. गननं कोपऱ्यातला एक गट ४७ दाखवला. उघडून पाहिलं तर सहापैकी तीन सेलांची वेल्डिंग सुटलेली, सगळा करंट उरलेल्या तिघांच्या बोकांडी.

तरी गन दाखवते ती कातडी. पोटातलं तिला दिसत नाही, आणि पॅक बंद करून गाडीत बसवला की कातडीही नाही. भाचा इंजिनिअरिंगला आहे, त्यानं सांगितलं की पॅरिसचे बॅटरी-शास्त्रज्ञ तारास्कों यांच्या गटानं २०२० साली १८६५० सेलच्या (१८ मिलिमीटर जाड, ६५ लांब गोल सेल) आतच केसासारखा काचेचा तंतू घालून तापमान आणि दाब मोजला. तंतूवर कोरलेली जाळी एका ठरावीक रंगाचा प्रकाश परत पाठवते. सेल तापला की तो रंग, म्हणजे प्रकाशाची तरंगलांबी, किंचित सरकतो, अंशाला साधारण दहा पिकोमीटर (पिकोमीटर म्हणजे मिलिमीटरचा अब्जावा भाग). काचेतून वीज जात नाही, त्यामुळं शॉर्टची भीती नाही. ऐकून जीभ चाळवली. पण तो सरकलेला रंग वाचणारं यंत्र लाखांत जातं. आमच्या गल्लीत ते यायला वेळ आहे.

तोवर घ्या ही गन, दुरुस्तीवाल्यांनी जरूर घ्या. घरी स्कूटर चार्ज करणाऱ्यांनी हिच्या भरवशावर राहू नये. प्लास्टिकच्या खोक्यावर थंड आकडा आला म्हणजे आत सगळं ठीक, असं नसतं.

पाचपैकी साडेतीन. कापलेल्या दीड गुणातला अर्धा गेला तो गनच्याच बॅटरीच्या झाकणासाठी. दुसऱ्या महिन्यात तुटलं, रबरबँड लावून चालवतोय.