टेकड्या दिसत होत्या, तरी मी पैसे पाठवले

भाड्याच्या घराच्या एका खोट्या जाहिरातीत माझे 1465 डॉलर गेले. आकडा आधीच सांगून टाकते, कारण गेले तीन आठवडे भेटेल तो "किती गेले?" हेच पहिल्यांदा विचारतो. रुपयांत सव्वा लाखाच्या आसपास. सासूबाईंनी मनातल्या मनात हिशेब केला आणि त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. पैशांपेक्षा मला तेच जास्त लागलं.

आबा आणि आई, म्हणजे माझे सासू-सासरे, तासगावहून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे ह्यूस्टनला आले आहेत. आबांचा सगळा जन्म द्राक्षबागेत गेला. ऑक्टोबर छाटणी धाकट्या दिरांवर सोपवून ते इकडे आले, यावरूनच कळेल की त्यांना यायचं किती मनात होतं. त्यांनी दोनच गोष्टी मागितल्या. एक, इथली द्राक्षबाग बघायची. आपल्याकडे ज्या डॉगरिज खुंटावर द्राक्षाचं कलम करतात तो खुंट मूळचा टेक्सासच्या रानवेलींमधला, हे त्यांना पाठ आहे. "ज्या मातीतनं खुंट आला ती माती बघू दे," म्हणाले. दुसरी गोष्ट, थोरल्या बुशचं म्युझियम. आखाती युद्धाच्या वेळी डिझेलसाठी कॅन घेऊन रांगेत उभे राहिलेले आबा, त्या वेळचा अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष त्यांच्या डोक्यात पक्का बसलेला.

दोन्ही एकाच ठिकाणी आहेत. म्युझियम कॉलेज स्टेशन नावाच्या गावात, टेक्सास ए अँड एम विद्यापीठात, आणि शेजारच्या ब्रायनमध्ये मेसिना हॉफ ही 1977 पासूनची वायनरी. ह्यूस्टनहून पावणेदोन तास. शुक्रवारी संध्याकाळी निघायचं, रविवारी परत. इतकं साधं होतं.

पण त्याच शनिवारी विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाची होम मॅच. तिथलं स्टेडियम 1,02,733 माणसांचं आहे. मॅच असली की दोन्ही गावांत खोली मिळत नाही, आणि मिळाली तर दोन रात्रींची सक्ती. मला मिळालेला सगळ्यात स्वस्त भाव होता एका खोलीचे रात्रीला 389 डॉलर, टॅक्स वेगळा. आम्ही सहा माणसं, म्हणजे दोन खोल्या, दोन रात्री, 1556 डॉलर. मॅचचं वेळापत्रक न बघता तारीख ठरवू नका. मी ठरवली, आबांना आधी सांगूनही बसले, आणि मग माघार घ्यायची लाज वाटली. घाई तिथे सुरू झाली.

ह्यूस्टनच्या देसी लोकांच्या एका ग्रुपवर जाहिरात दिसली. तीन बेडरूमचं घर, म्युझियमपासून दहा मिनिटं, दोन रात्रींचे 640, साफसफाईचे 95, परत मिळणारं डिपॉझिट 300. एकूण 1035. मी इंग्रजीत मेसेज टाकला आणि उत्तर मराठीत आलं. "ताई, आडनावावरून ओळखलं. आम्ही पण साताऱ्याचे." हा माणूस ताई-ताई करत माझ्याशी चार दिवस बोलत होता. आबांना गुडघ्याचा त्रास आहे म्हटल्यावर त्यांची खोली खालच्या मजल्यावर ठेवतो म्हणाला. आईंना सकाळी चहा लागतो म्हटल्यावर आलं आणि गवती चहा आणून ठेवतो म्हणाला. परक्या देशात कुणी गवती चहाचं नाव काढलं की माणूस सैल पडतो. मी पडले. फोन मात्र त्याने एकदाही उचलला नाही. "मीटिंगमध्ये आहे ताई, मेसेज करा." चार दिवस मीटिंग! जो फोन उचलत नाही त्याला एक डॉलरही देऊ नका. तो मराठी आहे म्हणून तर मुळीच देऊ नका. आजकाल कुणीही कुठल्याही भाषेत मेसेज लिहू शकतं.

आता तो क्षण. रोज रात्री मला तोच आठवतो.

मंगळवारी रात्री त्याने फोटो पाठवले. "ताई, कालच काढलेत." लाकडी डेक, त्यावर दोन खुर्च्या, समोर उतारावर वेलींच्या रांगा, आणि मागे टेकड्या. मी फोन आबांसमोर धरला. त्यांनी चष्मा चढवला, फोटो दोन बोटांनी मोठा केला आणि बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "सूनबाई, हितं ऑक्टोबरात वेलीवर माल असतोय व्हय?"

वेली काळ्या घडांनी लदलेल्या होत्या. इथली द्राक्षं जुलै-ऑगस्टमध्ये उतरवून होतात. तेव्हा मला हे माहीत नव्हतं, पण ज्याला माहीत होतं तो माणूस माझ्या स्वयंपाकघरात बसून मला विचारत होता. मी काय म्हणाले? "आबा, इथलं हवामान वेगळं असतं." पन्नास वर्षं बाग केलेल्या माणसाला मी हे सांगितलं. ते गप्प बसले. सुनेच्या घरात पाहुणा म्हणून आलेला माणूस दुसऱ्यांदा विचारत नाही.

आणि टेकड्या! अकरा वर्षं मी या भागात राहते. 290 हायवेवरून किती वेळा गेले असेन. कॉलेज स्टेशनच्या आसपास सगळं सपाट आहे, फार तर थोडे चढउतार. डेकवर बसून बघावी अशी टेकड्यांची रांग तिथे नाही. हे मला माहीत होतं. फोटोत टेकड्या दिसत होत्या, मी बघितल्या आणि "काय छान व्ह्यू आहे" असं मनात म्हणून पुढे गेले. नंतर धाकट्या मुलीने तोच फोटो इमेज सर्चमध्ये टाकला आणि अर्ध्या मिनिटात घर सापडलं. ते फ्रेडरिक्सबर्गजवळ, हिल कंट्रीत आहे, तिकडे कितीतरी वायनरी आहेत. खऱ्या मालकाच्या जाहिरातीतून उचललेले फोटो. नऊ वर्षांच्या मुलीला जे अर्ध्या मिनिटात सापडलं ते पैसे पाठवायच्या आधी करा, नंतर नाही.

पैसे असे गेले. बुधवारी सकाळी 517.50, बँकेच्या ॲपमधून, फोन नंबरवर. ॲपवर ज्याच्या खात्यात पैसे जाणार त्याचं नाव आलं, ते वेगळंच होतं. विचारलं तर म्हणाला, घर बघणाऱ्या मॅनेजरचं खातं आहे. मी एका कंपनीत बिलं चुकती करायचंच काम करते. बिलावरचं नाव आणि खात्यावरचं नाव जुळलं नाही तर मी चाळीस डॉलरचं बिलसुद्धा अडवून ठेवते. ऑफिसात जे हात आखडतात ते घरी का आखडले नाहीत, याचं उत्तर माझ्याकडे एवढंच आहे की त्या सकाळी मी डबे भरत होते, बस यायला सहा मिनिटं होती आणि तो म्हणत होता दुसरं कुटुंब थांबलंय. गुरुवारी उरलेले 517.50. त्याच दिवशी "वायनरीत ओळख आहे, चार मोठ्यांचं वाइन टेस्टिंग आणि चीज प्लॅटर 45 प्रमाणे" म्हणून 180. आणि ओळख पटवायला माझ्या ड्रायव्हिंग लायसन्सचा फोटो, दोन्ही बाजूंनी. हे लिहितानाही अंगावर काटा येतो.

शुक्रवारी वाटेत वॉलरजवळ पेट्रोल भरायला थांबलो तेव्हा मेसेज आला. दाराचा कोड हवा असेल तर लॉकच्या विम्याचे 250, रविवारी परत. नवरा म्हणाला, देऊ नको. मी म्हटलं, 1215 दिलेत, आता 250 साठी आई-आबांना रस्त्यावर ठेवू का? पाठवले. आधीचे वाचवायला पुढचे दिले की समजा तुम्ही त्याच्या हातात गेलात.

कोड आला. सहा आकडी. पत्ताही खरा होता, पण त्या दाराला आकड्यांचं कुलूपच नव्हतं, साधी किल्लीची कडी. आत दिवा होता. दार उघडलं एका वयस्कर बाईंनी, पायात लोकरीच्या सपाता, मागे कुत्रा भुंकतोय. माझ्या हातातला फोन बघूनच त्यांना कळलं. या महिन्यातलं आम्ही दुसरं कुटुंब होतो, म्हणाल्या. त्यांनी पोलिसांना आधीच कळवलं होतं. म्हणजे पोलिसांना माहीत होतं! आबा गाडीची काच खाली करून बघत होते. मी त्यांच्याकडे बघू शकले नाही.

रात्री नवासोटाला एका मोटेलात दोन खोल्या मिळाल्या, 412.36 डॉलर. ते या 1465 मध्ये धरलेले नाहीत.

आता बँक. त्याच रात्री साडेनऊला फोन केला, 47 मिनिटं संगीत ऐकलं. उत्तर मिळालं, व्यवहार तुम्ही स्वतः केलात, त्यामुळे तो "अधिकृत" आहे. इथला कायदा तुमच्या नकळत कुणी पैसे काढले तर तुम्हाला वाचवतो. फसवून तुमच्याच बोटाने पाठवून घेतले तर बँक हात वर करते. मी म्हटलं, पैसे गेलेल्याला चार तास झालेत, निदान 250 तरी अडवा, समोरचं खातं कुणाचं ते तुम्हाला दिसतंय. "गोपनीयतेमुळे सांगता येत नाही." चोराची गोपनीयता! तीनदा फोन केले, तीन वेगळ्या माणसांना पहिल्यापासून सगळं सांगितलं, दहा दिवसांनी दोन ओळींचं पत्र आलं: दावा नामंजूर. तेच क्रेडिट कार्डाने दिले असते तर स्टेटमेंट आल्यापासून 60 दिवसांत लेखी हरकत घेता आली असती. म्हणूनच हे लोक कार्ड घेत नाहीत. "कार्डावर फी लागते ताई, उगाच तुमचे 31 डॉलर जातील," असं म्हणाला होता तो. माझे 31 डॉलर वाचवत होता!

पोलीस. घर ज्यांच्या हद्दीत त्यांनी सांगितलं, पैसे तुमच्या घरून पाठवलेत, तिकडे तक्रार द्या. आमच्याकडचे म्हणाले, गुन्हा तिकडच्या पत्त्यावर घडलाय. मी कागद पुढे केला, चारही व्यवहार तारीखवार, वेळेसकट, फोन नंबर, मेसेजचे 63 स्क्रीनशॉट. खिडकीतल्या माणसाने ते चाळलेही नाहीत. शेवटी विम्यासाठी लागतो तसला एक नंबर दिला आणि म्हणाला, असं खूप होतं. खूप होतं म्हणून काहीच करायचं नाही? केंद्र सरकारच्या तक्रारीच्या साइटवर दोन तास बसून सगळं भरलं, तिकडूनही नंबरच आला. आज माझ्याकडे नुसते नंबर आहेत आणि एकाही माणसाचं नाव नाही. आणि प्रत्येक ठिकाणी एकच नजर, की तुम्ही शिकलेल्या दिसता, पाठवलेत कसे? ज्याने घेतले त्याला कुणी काही विचारत नाही.

एक काम माझं मलाच करता आलं. इक्विफॅक्स, एक्स्पेरियन, ट्रान्सयुनियन या कर्जाची नोंद ठेवणाऱ्या तिन्ही कंपन्यांकडे क्रेडिट फ्रीज केलं, म्हणजे माझ्या नावावर दुसऱ्या कुणाला सहज कर्ज काढता येऊ नये. 2018 पासून ते फुकट आहे. लायसन्सचा फोटो कुणाला गेला असेल तर हे वाचून झाल्यावर लगेच करा, उद्या नको.

शनिवारी परत फिरायचं होतं मला. आबा नाही म्हणाले. "आलोय तर बघून जाऊ." म्युझियमची तिकिटं खिडकीवर काढली. पन्नास वर्षं झाली तरी सैन्यातल्या धाकट्या भावाबद्दल बोलताना आबांचा गळा दाटतो. बुश तरुणपणी नौदलात वैमानिक होते, 1944 मध्ये त्यांचं विमान पाडलं गेलं, तसल्या ॲव्हेंजर विमानासमोर आबा हात मागे बांधून उभे राहिले. 2018 मध्ये ज्या निळ्या 4141 क्रमांकाच्या रेल्वे इंजिनाने बुश यांची शवपेटी कॉलेज स्टेशनला आणली, तेही बघितलं. आई पूर्ण वेळ माझा हात धरून होत्या. मला यातलं फारसं काही दिसलं नाही, मी दर दहा मिनिटांनी बँकेचं ॲप उघडत होते.

वायनरीत आमच्या नावाचं काही बुकिंग नव्हतंच. काउंटरवरच्या मुलीने असं पॅकेज आम्ही देतच नाही म्हणून सांगितलं, पाणी दिलं, बसा म्हणाली. आबा बागेच्या कडेला गेले. वेली रिकाम्या होत्या, पानं पिवळी पडायला लागलेली, एक घड नाही. त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं नाही, एक शब्द बोलले नाहीत. खाली वाकून खुंटाची साल अंगठ्याने चाचपून बघत राहिले.

काल रात्री तोच फोटो पुन्हा दिसला, दुसऱ्या एका ग्रुपवर, दुसऱ्या नावाने. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीसाठी, दोन रात्रींचे 610. मी खाली लिहिलं की ही फसवणूक आहे, माझे 1465 गेलेत. वीस मिनिटांत माझी कमेंट काढून टाकली गेली, जाहिरात आहे तिथेच आहे. फोटो ओळखून ठेवा: लाकडी डेक, दोन खुर्च्या, डावीकडच्या खुर्चीवर लाल उशी, उतारावर काळ्या घडांच्या वेली, मागे टेकड्या.