गाया अर्काइव्ह आणि टॉपकॅट: सोलापुरात बसून तारकागुच्छावर काम करायचं असेल तर

सोलापुरात खगोलशास्त्राची आवड असलेल्या बी.एस्सी., एम.एस्सी.च्या मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: दुर्बीण कोणती घेऊ? आकाश बघायचं असेल तर जरूर घ्या. पण तारकागुच्छाचं अंतर आणि वय काढायचं असेल, त्यातले खरे सभासद तारे वेगळे करायचे असतील, तर दुर्बिणीआधी युरोपीय अवकाश संस्थेचं गाया अर्काइव्ह, म्हणजे गाया यानानं मोजलेल्या ताऱ्यांचं ऑनलाइन भांडार, उघडा आणि सोबत टॉपकॅट हे अशी टेबलं गाळायचं आणि आलेख काढायचं सॉफ्टवेअर उतरवून घ्या. दोन्ही फुकट आहेत, आणि पावसाळ्यात चार महिने आकाश झाकलेलं असलं तरी काम थांबत नाही.

गाया यान १९ डिसेंबर २०१३ ला उडालं. पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवरून त्यानं जानेवारी २०२५ पर्यंत निरीक्षणं केली. आज वापरायची ती डेटाची तिसरी आवृत्ती, डीआर३, १३ जून २०२२ ला खुली झाली. तिच्यात सुमारे १८० कोटी नोंदी आहेत आणि त्यातल्या जवळपास १४६ कोटींना पराशय, म्हणजे पॅरलॅक्स (पृथ्वी सूर्याभोवती फिरताना ताऱ्याची जागा किती सरकलेली दिसते तो कोन, यावरून अंतर निघतं), आणि निजगती (तारा आकाशात वर्षाला किती सरकतो) दिलेली आहे. पीएच.डी. करणारे संशोधक वापरतात तोच हा डेटा. कॉलेजच्या मुलांसाठी वेगळी, पातळ केलेली आवृत्ती नाही, हे या सेवेचं सगळ्यात मोठं बळ.

सुरुवातीला एम ६७ घ्या. कर्क राशीतला हा खुला तारकागुच्छ मार्चच्या मध्यावर रात्री दहाच्या सुमारास सोलापूरच्या जवळजवळ डोक्यावर असतो, क्षितिजापासून ८४ अंशांवर. वय सुमारे ४०० कोटी वर्षं, वाटेतली धूळ अगदी कमी. त्यामुळे उत्तर चुकलं तर ते धुळीवर ढकलता येत नाही, चूक आपल्याच गाळणीत शोधावी लागते. शिकण्यासाठी असाच गुच्छ हवा.

अर्काइव्हच्या सर्च पानावर साधा फॉर्म आहे. तिथं गुच्छाचं नाव टाकलं की जागा आपोआप भरते. त्रिज्येचं एकक मात्र बघून घ्या. ते आर्कसेकंदावर (अंशाचा ३६०० वा भाग) राहिलं तर हाती दोन-चार ताऱ्यांपलीकडे काही येत नाही. एम ६७ साठी एक अंश पुरे, त्या अंतरावर ते साधारण १५ पार्सेक होतात (एक पार्सेक म्हणजे सुमारे ३.२६ प्रकाशवर्षं). मुख्य टेबलात १५२ रकाने आहेत. सगळे मागवले तर फाइल विनाकारण फुगते आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवर उतरवताना जीव मेटाकुटीला येतो. ओळख क्रमांक, दोन्ही निर्देशक (विषुवांश आणि क्रांती, म्हणजे आकाशातले रेखांश-अक्षांश), पराशय आणि त्याची त्रुटी, निजगतीचे दोन घटक, जी (एकूण), बीपी (निळा), आरपी (तांबडा) या पट्ट्यांतल्या तीन प्रती (प्रत म्हणजे तेजाचा आकडा, जितका लहान तितका तारा तेजस्वी) आणि आरयूडब्ल्यूई (ताऱ्याचं मोजमाप किती नीट जुळलं त्याचा आकडा) एवढं मागवा. जी १७ पेक्षा तेजस्वी आणि आरयूडब्ल्यूई १.४ पेक्षा कमी, ही अट पहिल्या फेरीला ठीक.

सगळ्यात जास्त मुलं अडकतात ती पायथॉनमध्ये. अ‍ॅस्ट्रोक्वेरी या पायथॉन लायब्ररीची साधी, म्हणजे सिंक्रोनस (निकालासाठी लगेच थांबणारी) विनंती २००० ओळींवर थांबते, आणि कोन सर्चला (cone search, एका बिंदूभोवती ठरावीक त्रिज्येत शोध) ओळींची वेगळीच मर्यादा असते. आलेखात ठिपके दिसतात, म्हणून सगळं आलं असं वाटतं. प्रत्यक्षात अर्धामुर्धा गुच्छच हातात असतो. ओळींची संख्या बरोबर २००० दिसली की समजा, डेटा कापला गेलाय. असिंक्रोनस, म्हणजे सर्व्हरवर मागे चालत राहणारा, जॉब वापरा आणि फुकटचं खातं काढून लॉगिन करा. मग मध्येच वीज गेली तरी जॉब स्पेनमधल्या सर्व्हरवर चालू राहतो. दिवे आले की निकाल खात्यात सापडतो.

टॉपकॅट जावावर चालतं आणि जुन्या लॅपटॉपवरही बरं चालतं. मोठी फाइल उघडताना अडलं तर जावाला सुरू करतानाच जास्त मेमरी द्यायची. अर्काइव्हची वेबसाइट न उघडता टॉपकॅटमधूनच क्वेरी पाठवता येते, आणि खरं तर तीच पद्धत सोयीची, कारण ओळींची कमाल मर्यादा तिथं समोरच दिसते.

आता मुख्य काम. टॉपकॅटमध्ये निजगतीचा आलेख काढा: आडव्या अक्षावर विषुवांशातली निजगती, उभ्यावर क्रांतीतली. पार्श्वभूमीचे तारे विस्कटलेले दिसतील आणि त्यांच्यापासून अलग, वर्षाला उणे ११ आणि उणे ३ मिलिआर्कसेकंदांच्या (आर्कसेकंदाचा हजारावा भाग) आसपास, एक घट्ट गोळा दिसेल. तोच एम ६७. माऊसनं त्याच्याभोवती रेघ ओढून उपसंच करा. इथं एक चूक हमखास होते: जुन्या पाठ्यपुस्तकातलं सूत्र आठवून विषुवांशातल्या निजगतीला क्रांतीच्या कोसाइननं पुन्हा गुणलं जातं. गायाच्या रकान्यात तो गुणाकार आधीच केलेला आहे. दुसऱ्यांदा केला की गोळा सुमारे ०.२३ नं सरकतो आणि प्रसिद्ध आकड्यांशी ताळा बसत नाही.

मग उपसंचाच्या पराशयाचा हिस्टोग्राम काढा. शिखर १.१५ मिलिआर्कसेकंदांजवळ येतं. ०.९५ ते १.३५ मधले तारे ठेवा. जी १७ ला पराशयाची त्रुटी साधारण ०.०७ असते, म्हणजे ही खिडकी तिथं दोन्ही बाजूंना जवळपास तीन सिग्मांची, त्रुटीच्या तिप्पट, होते. याऐवजी 'पराशय भागिले त्रुटी दहापेक्षा जास्त' ही सरसकट अट लावू नका. एम ६७ च्या अंतरावर ही अट जी १८ च्या आसपासचे खरे सभासदच कापायला लागते. मुख्य अनुक्रमाची (रंग-तेज आलेखात बहुतेक तारे ज्या पट्ट्यात पडतात त्याची) शेपटी तुटते आणि तारे तिथंच संपतात असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

अंतराबद्दल. प्रत्येक ताऱ्याचा पराशय उलटा करून (एक भागिले पराशय म्हणजे अंतर) त्रिमितीय नकाशा काढायचा मोह आवरा. ६ टक्के त्रुटी म्हणजे ८५० पार्सेकवर ५० पार्सेकचा घोळ. मग गोल गुच्छ आपल्याकडं रोखलेल्या लांबलचक काठीसारखा दिसतो. ती काठी आकाशात नाही, त्रुटीत आहे. आधी सभासदांच्या पराशयांची भारित सरासरी काढा, तिच्यात शून्यबिंदूची दुरुस्ती करा (गायाचे पराशय शतांश मिलिआर्कसेकंदांनी कमी येतात, इथं सुमारे ०.०३ धरा), आणि मगच उलटं करा. दुरुस्तीशिवाय ८७० पार्सेक येतात, दुरुस्तीनंतर ८५० च्या आसपास.

शेवटी रंग-प्रत आलेख: आडवं बीपी वजा आरपी, उभं जी, आणि उभा अक्ष उलटा. अक्ष उलटायचा राहिला तर सगळा आलेख डोक्यावर उभा राहतो. नीट गाळणी झाली असेल तर वळणबिंदू, म्हणजे तारे मुख्य अनुक्रम सोडतात ती जागा, जी १३.५ च्या आसपास स्पष्ट दिसतो, तिथून उपराक्षसी ताऱ्यांची फांदी उजवीकडं आणि मग वर तांबड्या राक्षसी ताऱ्यांकडं जाते. मुख्य अनुक्रमाच्या वर समांतर दिसणारी पुसट रेघ चूक समजून खोडू नका. ते जोडतारे आहेत. सारख्या वस्तुमानाची जोडी एकट्या ताऱ्यापेक्षा ०.७५ प्रतीनं तेजस्वी दिसते. वळणबिंदूच्या डावीकडं, वरच्या बाजूला सुटे पडलेले मोजके निळे ठिपके म्हणजे ब्लू स्ट्रॅगलर, गुच्छाच्या वयाच्या मानानं जास्त निळे आणि तेजस्वी दिसणारे तारे. हा आलेख स्वतःच्या स्क्रीनवर उमटताना बघण्यासारखं सुख नाही.

वयासाठी इटलीतल्या पाडोव्हा गटाच्या पानावरून आयसोक्रोन (एकाच वयाचे तारे आलेखात कुठं पडतील तो सैद्धांतिक वक्र) घ्या, प्रकाशमापन पद्धत गायाचीच निवडा, वयाचा लॉगॅरिदम ९.६ च्या आसपास ठेवा आणि वक्र धुळीसकट साधारण ९.७५ प्रतींनी खाली सरकवा. सभासदांची यादी पडताळायला हंट आणि रेफर्ट यांची २०२३ ची सूची व्हिझियर या खगोल सूचींच्या ऑनलाइन संग्रहावर आहे. तिच्यात ७१६७ गुच्छ आहेत.

त्रुटी आहेतच. दाट गर्दीत बीपी आणि आरपी शेजारच्या ताऱ्यांचा प्रकाश ओढतात, त्यामुळे गोलाकार गुच्छांच्या गाभ्यात रंगांवर भरवसा ठेवू नका. ओमेगा सेंटॉरी हा असाच गोलाकार गुच्छ सोलापुरातून दक्षिणेला २५ अंश वर दिसतो, पण म्हणून तो पहिला प्रकल्प करू नका. त्याच्या गाभ्यातले सव्वापाच लाखांवर नवे तारे ऑक्टोबर २०२३ मध्ये स्वतंत्र टेबलात आले. ते मुख्य टेबलात शोधून सापडत नाहीत. शिवाय अर्काइव्हची मदतीची पानं ठिकठिकाणी विखुरलेली आहेत आणि नवख्याला इंग्रजी जड जातं. ही मोठी उणीव.

दीर्घिकांसाठी मात्र गाया घेऊ नका. त्यांचे पराशय मोजण्याइतके नसतातच, आणि पसरट दीर्घिकेचा प्रकाश गायाच्या चिमुकल्या खिडकीत मावत नाही. त्यासाठी स्लोन सर्वेक्षणाचा स्कायसर्व्हर आहे, तिथं वर्णपट आणि लालविचलन (प्रकाश तांबड्याकडं किती सरकला ते, म्हणजे रेडशिफ्ट) दोन्ही मिळतात. तरी पुढे दीर्घिकांवरच संशोधन करायचं ठरवलेल्यांनीही आधी दोन-तीन गुच्छ पुरे करावेत. दीर्घिकेच्या एकवटलेल्या प्रकाशातून तिच्या ताऱ्यांचं वय काढतात ते अशाच आयसोक्रोनच्या आधारे. तिथं तारे सुटे दिसत नाहीत, म्हणून आयसोक्रोन कुठं फसतो हे कळायला गुच्छच बरा.

एम ६७ झाला की एनजीसी १८८ हा दुसरा खुला गुच्छ घ्या आणि वापरलेली क्वेरी फाइलमध्ये जपून ठेवा. गायाची चौथी आवृत्ती डिसेंबर २०२६ मध्ये अपेक्षित आहे. ती आल्यावर तीच क्वेरी नव्या टेबलावर चालवून फरक बघता येईल. फक्त जुन्या यादीशी जोडताना नुसत्या ओळख क्रमांकावर विसंबू नका, आवृत्ती बदलली की काही ताऱ्यांचे क्रमांकही बदलतात.