घरगुती वेदर स्टेशन : तापमान बघायला घेताय तर थांबा, आधी दाबाचा ग्राफ बघा

बरेच महिने वापरून झाल्यावर लिहितोय, म्हणून रिव्ह्यू थोडा मोठा होणार आहे. हे पाच-सहा सेन्सरवालं घरगुती वेदर स्टेशन आहे, म्हणजे बाहेर एका दांड्यावर तापमान, आर्द्रता, वारा, पाऊस आणि ऊन मोजणारा संच आणि घरात एक कन्सोल, दाबाचा सेन्सर त्या कन्सोलमध्येच असतो. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण या प्रकारच्या बहुतेक स्टेशनची रचना साधारण अशीच असते आणि मी जे सांगतोय ते कुठल्याही मॉडेलला लागू पडेल.

लोक हे घेतात तापमान बघायला. माझ्या मते तापमान हा यातला सगळ्यात कमी कामाचा आकडा आहे, तो तर फोनवरपण मिळतो. खरी मजा दाबाच्या ग्राफमध्ये आहे आणि त्यानंतर दवबिंदूमध्ये (म्हणजे हवा ज्या तापमानापर्यंत गार झाली की तिच्यातल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं ते तापमान), आणि या दोन गोष्टींसाठी मी हे स्टेशन कुणालाही बिनधास्त घ्यायला सांगेन.

दाबापासून सुरू करतो. बॉक्स उघडून चालू केलं की कन्सोल जो दाब दाखवतो तो तुमच्या जागेचा खराखुरा दाब असतो, समुद्रसपाटीचा नाही. समुद्रसपाटीला प्रमाण दाब १०१३.२५ हेक्टोपास्कल धरतात आणि वर जाल तसा दर ८ मीटरला साधारण १ हेक्टोपास्कल कमी होतो, त्यामुळे ५०० मीटर उंचीवर राहणाऱ्याला ९५५ च्या आसपास दिसेल आणि त्याला वाटेल मोठं वादळ आलंय किंवा मशीन खराब आहे. तसं काही नसतं, सेटिंगमध्ये जाऊन जागेची उंची टाका, मग तो समुद्रसपाटीला आणलेला आकडा दाखवतो आणि तोच हवामानाच्या नकाशावरच्या आकड्यांशी जुळतो. मॅन्युअलमध्ये हे एका ओळीत उरकलंय, खरं तर पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात पाहिजे होतं.

उंची टाकून झाली की दोन-तीन दिवस ग्राफ नुसता बघत राहा. विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंच्या उष्ण पट्ट्यात राहत असाल तर रोज सकाळी १० च्या सुमाराला दाब वर, दुपारी ४ ला खाली, रात्री १० ला परत वर आणि पहाटे ४ ला परत खाली अशी लाट दिसेल, फरक असतो फक्त २-३ हेक्टोपास्कलचा, पण ती घड्याळ लावल्यासारखी येते. सूर्याच्या उष्णतेने अख्खं वातावरण दिवसातून दोनदा असं हलतं, आणि हे घरबसल्या बघायला मिळतं हीच मला या मशीनची सगळ्यात भारी गोष्ट वाटते. १६४३ मध्ये टॉरिचेल्लीने पाऱ्याच्या नळीवर दाब मोजला, १६४८ मध्ये पास्कालने आपल्या मेव्हण्याला नळी घेऊन डोंगरावर पाठवलं आणि वर पारा उतरतो हे सिद्ध केलं, आज तेच काम नखाएवढी चिप करते आणि इतक्या बारकाईने करते की १५ जानेवारी २०२२ ला टोंगाजवळच्या समुद्रात ज्वालामुखीचा स्फोट झाला तेव्हा त्याची दाबाची लाट हजारो किलोमीटर लांबच्या घरगुती स्टेशनांवरसुद्धा छोट्या उडीसारखी उमटली होती. तेव्हाचे ग्राफ जगभरातल्या लोकांनी शेअर केले होते, शोधून बघा एकदा.

आता दवबिंदू. कन्सोलवर आर्द्रतेचा टक्का मोठ्या अक्षरात आणि दवबिंदू कोपऱ्यात बारीक अक्षरात, हे मला अजिबात पटलेलं नाही, उलट पाहिजे होतं. टक्का फसवतो. समजा दवबिंदू दिवसभर २० अंशच आहे म्हणजे हवेतली वाफ तेवढीच आहे, तर सकाळी २२ अंशाला आर्द्रता सुमारे ८८ टक्के दिसेल आणि दुपारी ३५ अंशाला तीच ४२ टक्के दिसेल. बघणाऱ्याला वाटतं हवा कोरडी झाली, पण हवेतलं पाणी एक थेंबसुद्धा कमी झालेलं नसतं, फक्त तापमान वाढलं. दवबिंदू मात्र सरळ सांगतो की वाफ किती आहे, आणि रात्री तापमान उतरत उतरत दवबिंदूला टेकलं की दव किंवा धुकं पडणार हे आधीच कळतं. ढगसुद्धा असाच होतो, हवा वर चढते, वर दाब कमी म्हणून ती पसरते आणि गार होते, कोरडी असेल तर दर किलोमीटरला जवळपास १० अंशांनी, आणि दवबिंदू गाठला की वाफेचे थेंब व्हायला लागतात.

बाहेरचा संच कुठे लावता यावर सगळं अवलंबून आहे. भिंतीला चिकटवून किंवा तापलेल्या स्लॅबवर ठेवला तर तो हवेचं नाही, भिंतीचं आणि स्लॅबचं तापमान सांगणार. सरकारी वेधशाळेत थर्मामीटर झडपांच्या पांढऱ्या पेटीत जमिनीपासून साधारण १.२५ ते २ मीटरवर का ठेवतात ते हेच, ऊन थेट पडू नये आणि वारा मात्र खेळता राहावा. आपल्या संचावरच्या त्या पांढऱ्या थाळ्यांच्या चळतीचंही हेच काम आहे, पण भर उन्हात वारा पडला की ती चळत कमी पडते आणि आकडा चढा येतो, हे धरून चाला. वाऱ्याचं तर अजून अवघड, प्रमाण उंची १० मीटर आणि तीही मोकळ्या जागेत, जे बहुतेकांना घरी जमणार नाही, त्यामुळे वेगाचा आकडा कमीच येणार. दिशा मात्र बऱ्यापैकी बरोबर मिळते आणि तिचा एक मस्त उपयोग आहे. मोकळ्यावर वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा, उत्तर गोलार्धात असाल तर कमी दाबाचं क्षेत्र तुमच्या डाव्या हाताला असतं, दक्षिण गोलार्धात उजव्या. हवा जास्त दाबाकडून कमी दाबाकडे निघते पण पृथ्वी फिरत असल्याने वाटेत वळते, म्हणून असं होतं. विषुववृत्ताच्या अगदी जवळ मात्र हा नियम चालत नाही. एकदा दिशा आणि नकाशा शेजारी ठेवून बघा, जुळलं की खूप भारी वाटतं.

पाऊस मोजणारा भाग साधा आहे, आत सीसॉसारखी दोन कप्प्यांची वाटी, एक कप्पा भरला की कलंडते आणि दुसरा खाली येतो, प्रत्येक कलंडण्याला ठरावीक पाऊस धरतात. १ मिमी म्हणजे १ चौरस मीटरवर १ लिटर पाणी. धो धो पावसात आणि जोराच्या वाऱ्यात तो कमी मोजतो, आणि पानं-कचरा अडकला तर मोजतच नाही, दर महिन्याला साफ करा.

उन्हाचा सेन्सर बोनस समजा. निरभ्र दुपारी सूर्य डोक्यावर असेल तेव्हा तो चौरस मीटरला १००० वॉटच्या आसपास जातो. वर्षभर त्याची दुपारची टोकं बघितली की ऋतू समजतात, कारण पृथ्वीचा आस २३.४ अंशांनी कललेला आहे आणि ऊन किती तिरपं पडतं यावर सगळा खेळ आहे, अंतरावर नाही. पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ तर जानेवारीच्या सुरुवातीला असते, जेव्हा अर्ध्या जगात हिवाळा चालू असतो.

आता नावडलेली गोष्ट, कन्सोलवरचं ते अंदाजाचं चित्र, सूर्य, ढग, पाऊस वगैरे. ते फक्त गेल्या काही तासांत दाब चढला की उतरला यावर ठरतं. मध्यम अक्षांशांवर, जिथे कमी दाबाची मोठी क्षेत्रं एकामागून एक सरकत येतात, तिथे ते बऱ्याचदा खरं ठरतं. उष्ण पट्ट्यात मात्र रोजची ती दाबाची लाटच त्याला चकवते, आणि दुपारी जमीन तापून जागच्या जागी उठणारा वादळी पाऊस दाबात आधी फारसा दिसतच नाही. एका जागेचा आकडा घेऊन उद्याचं हवामान सांगता येत नाही, कारण उद्याची हवा शेकडो किलोमीटरवरून येतेय, तिथे समुद्र किती गरम आहे, मधे डोंगर आहे का, वरच्या थरात वारा कुठून आहे, हे या मशीनला कसं कळणार. त्यासाठी जगभरची निरीक्षणं गोळा करून कॉम्प्युटरवर गणित करावं लागतं. त्या चित्रावर विसंबून मासेमारीला किंवा ट्रेकला जाऊ नका, अधिकृत इशारे बघा, हे अगदी कळकळीने सांगतोय.

५ पैकी ४ स्टार. एक स्टार त्या चित्रामुळे नाही, मेमरीमुळे कापला. कन्सोलमध्ये जागा संपली की जुनी नोंद आपोआप पुसली जाते आणि तशी सूचनापण येत नाही. एका वर्षाची नोंद म्हणजे फक्त त्या वर्षाचं हवामान झालं, तुमच्या जागेची सरासरी काय आणि ती बदलतेय का हे बघायला जागतिक हवामान संघटना ३० वर्षांची नोंद धरते, सध्याचा प्रमाण काळ १९९१ ते २०२० आहे. ज्या मशीनचा आकडा वर्षानुवर्षं साठला तरच त्याला किंमत आहे त्यात निदान मेमरी कार्डची सोय पाहिजेच. तोपर्यंत दर महिन्याला डेटा कॉम्प्युटरवर उतरवून घ्या, आणि स्टेशनची जागा बदललीत किंवा सेन्सर नवा घातलात तर त्याच फाइलमध्ये तारखेसकट लिहून ठेवा, नाहीतर पुढे आकड्यात उडी दिसली की ती हवेची की मशीनची हे कुणालाच सांगता येणार नाही.