गाडीचा स्टिरिओ बदलायला सांगत असतील तर आधी हे तपासा

गाडीत अँप (आवाज वाढवणारा ॲम्प्लिफायर) बसवल्यावर स्पीकरमधून शिट्टी येते, ॲक्सिलरेटर दाबला की ती चढते, अशी तक्रार घेऊन गेलात आणि दुकानदार "स्टिरिओ गेलाय" म्हणाला, तर लगेच पैसे काढू नका. कोल्हापुरात माझे बावीस हजार याच वाक्यावर गेले.

अँप आणि सबवूफर त्याच दुकानातून बसवून घेतले होते. शिट्टीची तक्रार केली तर म्हणे, "साहेब, कंपनीचा स्टिरिओ अँपला झेपत नाही, अँड्रॉइड स्टिरिओ घ्या." घेतला. शिट्टी तशीच. मग नॉइज फिल्टर लावला, तर शिट्टी जरा कमी झाली आणि बेसही गेला. नंतर कपॅसिटर लावायचं टुमणं सुरू झालं. आधीचा माल परत घ्या म्हटलं की एकच उत्तर: वापरलेला माल परत होत नाही.

शेवटी ओळखीच्या वायरिंगवाल्या मेस्त्रींकडे गेलो. त्यांनी इंजिन चालू ठेवून स्टिरिओचा आवाज शून्यावर आणला. शिट्टी तेवढीच. "आवाज कमी करूनही ही कमी होत नाही म्हणजे स्टिरिओच्या पुढं कुठंतरी शिरतीय," म्हणाले आणि डिकीतलं कार्पेट उचललं. अँपची काळी वायर, म्हणजे अर्थिंग, पत्र्याच्या रंगावरच स्क्रूने अडकवलेली, आणि स्क्रू बोटाने फिरत होता. मेस्त्रींनी पॉलिश पेपरने पत्रा उघडा होईपर्यंत रंग घासला, वायर आखूड करून बोल्टाने आवळली. स्टिरिओतून अँपकडे आवाजाचा सिग्नल नेणारी आरसीए केबल पॉवरच्या वायरीला चिकटून आणली होती, ती गाडीच्या दुसऱ्या बाजूने नेली. शिट्टी बंद. त्यांनी तीनशे रुपये घेतले. हे काम त्या दुकानदाराला येत नव्हतं यावर माझा विश्वास नाही.

पुढे आणखी निघालं. बिलात 'प्युअर कॉपर' लिहिलेली पॉवर वायर मेस्त्रींनी कापून तार ब्लेडने खरवडली, तर वरून तांबूस, आतून पांढरी. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा! तेवढ्याच जाडीत ॲल्युमिनियम तांब्याच्या साधारण साठ टक्केच वीज वाहून नेतं. अँपच्या खोक्यावर ३००० वॅट छापलंय, पण अँपवरचे फ्यूज 25 अँपिअरचे दोन. 50 ला 14 व्होल्टने गुणलं तर 700 वॅट, तेही आत जाणारे. बाहेर ३००० कुठून येणार? विकत घेताना आरएमएस, म्हणजे सतत मिळणारे खरे वॅट, किती ते विचारा, फ्यूज स्वतः बघा.

मला सगळ्यात जास्त चीड आली ती मात्र वेगळ्याच गोष्टीची. बॅटरीजवळ पॉवर वायरीला फ्यूजच नव्हता. तो वीतभर-दीड वीत अंतरात हवाच. वायर पत्र्याला घासून शॉर्ट झाली असती तर गाडी पेटली असती, आणि मागच्या सीटवर माझी मुलं बसतात.

पक्कं बिल होतं म्हणून ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, तक्रार करता आली. कापलेल्या वायरीचा तुकडा आणि जुन्या अर्थिंगचे फोटो जपून ठेवलेत.